कॉस्प्लेयर मैत्रिणींची भांडणं: मंगातली आणि आपल्या ग्रुपमधली

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या चार मैत्रिणींचा कॉस्प्ले ग्रुप, म्हणजे चित्रकथा-कार्टूनमधल्या पात्रांचा हुबेहूब वेश करणाऱ्यांचा. त्यात नव्यानं आलेल्या मुलीनं पुढच्या कार्यक्रमासाठी नेमकं तेच पात्र निवडलं, जे प्रश्न विचारणाऱ्या ताई गेली काही वर्षं करत आल्या आहेत. तिनं आधी विचारलं होतं, ताईंनी ‘कर की, त्यात काय’ म्हटलं, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटक झालं आहे. त्यातच ‘कॉम्प्लेक्स एज’ ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, हाती आली आणि तिच्यात जवळजवळ हेच निघालं. हे खरंच असं असतं का, की मंगात रंगवून सांगितलंय? राग येणं चूक आहे का? आणि या विषयावर आणखी काय वाचावं?

खरंच असं असतं. मी बरीच वर्षं कॉस्प्लेचे पोशाख शिवते आहे, विग सेट करते आहे, छोट्यामोठ्या स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसते. ग्रुप तुटताना मी पाहिले आहेत आणि टिकतानाही पाहिले आहेत. वरवर वाद पैशांचा असतो, फोटोचा असतो, उशिरा येण्याचा असतो. पण खोल गेलात तर बहुतेक वेळा मूळ एकच निघतं: हे पात्र कोणाचं? नाटकात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे भूमिका एकीला मिळते आणि दुसरीला मिळत नाही, निर्णय दिग्दर्शकाचा असतो. आपल्याकडे एका हॉलमध्ये एकाच पात्राच्या दहा जणी उभ्या राहू शकतात आणि दहाही जणींचा हक्क सारखाच असतो. म्हणजे कायद्यानं तुमचा काहीच दावा नाही, आणि मनात तर पुरता दावा आहे. हा दावा उघड बोलता येत नाही म्हणूनच तो कुजतो.

युइ साकुमा यांची ‘कॉम्प्लेक्स एज’ याच जागी बोट ठेवते. ती 2014 ते 2015 या काळात कोदान्शा या प्रकाशनाच्या ‘मॉर्निंग’ या साप्ताहिकात आली, एकूण 6 खंड. ‘मॉर्निंग’ हे मोठ्यांचं, नोकरदार वाचकांचं साप्ताहिक आहे, आणि हे ध्यानात ठेवून वाचलं की मालिकेचा सूर कळतो. शाळकरी मुलींची स्वप्नं इथे नाहीत. नायिका नागिसा काताउरा 26 वर्षांची आहे, कंत्राटी नोकरी करते, आईवडिलांबरोबर राहते आणि सुट्टीच्या दिवशी उरुरू नावाची जादुई मुलगी होते. उरुरू हे या मंगातल्या एका काल्पनिक मालिकेतलं पात्र आहे: लहानखुरी, गोड, झालरीच्या झग्यातली. नागिसा उंच आहे. ती उत्तम शिवते, मेकअप उत्तम करते, पात्र तिला तोंडपाठ आहे. फक्त तिची उंची आणि वय ही दोन मापं कोणत्याही कात्रीनं कापता येत नाहीत.

मग आया नावाची मुलगी येते. नवखी, नागिसाच्या कामानं भारावलेली, आणि शरीरयष्टीनं उरुरूसाठी जणू बेतलेली. साकुमा यांनी आयाला वाईट दाखवलेलं नाही, आणि माझ्या मते या मंगाचं सगळं बळ त्यातच आहे. आया मत्सरी नाही, कुजकट नाही, तिला नागिसाची जागा घ्यायची नाही. ती मनापासून शिकायला आली आहे. तिच्यावर चिडायला एकही सभ्य कारण सापडत नाही आणि तरी नागिसाच्या पोटात खड्डा पडतो. तुमचंही हेच झालं आहे. ती मुलगी उद्धट असती तर तुम्ही एव्हाना चार शब्द सुनावून मोकळ्या झाला असतात.

हा राग म्हणजे निव्वळ दिखाऊपणा असं कोणाला वाटत असेल, तर त्यांनी एकदा एक जादुई मुलगी शिवून पाहावी. चित्रकार झगा काढतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाची पर्वा करत नाही. स्कर्ट कंबरेपासून सरळ आडवा उघडतो आणि तसाच तरंगत राहतो. प्रत्यक्षात तो तसा उभा राहायला खाली कॅनकॅनचे, म्हणजे ताठ जाळीच्या परकराचे, थर लागतात, आणि किती थर हे कापडाच्या वजनावर ठरतं. साटन घेतलं तर चमक फोटोत भडक येते आणि प्रत्येक शिवण सुरकुतते. पॉपलिन घेतलं तर घडी छान बसते, पण मग झगा शाळेच्या गणवेशासारखा दिसू लागतो. मी अशा कामाला जरा जड क्रेप आणि आत बकरमचं ताठ अस्तर घालते, घेराच्या कडेला ताठ पट्टी देते, आणि मगच कॅनकॅनचा अंदाज घेते. रंगाचं तर विचारूच नका. एकाच मालिकेत मंगाच्या मुखपृष्ठावर एक गुलाबी, अॅनिमेत, म्हणजे तिच्या कार्टून मालिकेत, दुसरा, खेळण्यावर तिसरा. मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये फोन समोर धरून दुकानदाराकडे ‘यापेक्षा थोडा कच्चा गुलाबी’ मागत उभं राहायचं, आणि घरी आणल्यावर ट्यूबलाइटखाली तो जांभळट निघायचा.

त्यानंतर चेहरा. भुवया विगच्या रंगात हव्यात, म्हणून मूळ भुवया झाकून वर नव्या काढायच्या. गालाची कडा बारीक दिसावी म्हणून विगच्या आत लपणाऱ्या चिकटपट्ट्यांनी त्वचा मागे ओढायची. दिवसभर ती पट्टी लावून हसत राहिलं की संध्याकाळी कानशिलं ठणकतात. एवढं करून एखादी बाई त्या पात्राच्या दहा पावलं जवळ पोचते. आणि दुसरी कोणी काहीही न करता, केवळ जन्मानं, आधीच आठ पावलं पुढे उभी असते. नागिसाला जे दुखतं ते हे. ‘ती माझ्यापेक्षा सुंदर आहे’ एवढाच भाग असता तर ते सोपं होतं. इथे कष्टाची किंमत कमी होते आहे असं वाटतं.

याला दुसरी बाजूही आहे आणि मंगा ती लपवत नाही. नागिसाचं पात्रावरचं प्रेम हळूहळू परीक्षकाचं प्रेम झालं आहे. शिवण सरळ आहे का, उभं राहण्याची ढब बरोबर आहे का, पात्राचा अपमान तर होत नाही ना. या नजरेनं ती स्वतःला तोलते आणि मग इतरांनाही. जपानच्या कॉस्प्ले जगात ही शिस्त मोठी आहे आणि तिला कारणं आहेत. टोकियोचं कॉमिक मार्केट, हौशी मंगाकारांचा मोठा मेळावा, 1975 पासून भरतं. आता ते ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये टोकियो बिग साइट या प्रदर्शन केंद्रात असतं आणि तिथे अलोट गर्दी लोटते. कॉस्प्लेयरनी घरूनच पोशाख घालून यायचं नाही, तिथल्या खोलीत बदलायचं, ठरलेल्या जागेतच उभं राहायचं, फोटो काढणाऱ्यानं आधी विचारायचं. एखादी लोकप्रिय असेल तर तिच्याभोवती फोटोवाल्यांचं कडं होतं आणि कोणीतरी आकडे उलटे मोजून ते मोडतं, म्हणजे रस्ता अडत नाही. बाहेरच्या जगानं बोट दाखवू नये म्हणून आतल्या लोकांनी एकमेकांवर डोळा ठेवायचा, अशी ती घडण आहे. चांगली आहे. पण ही नजर मैत्रिणींच्या घोळक्यात आली की घात करते.

बाहेरच्या जगाची भीती किती खरी आहे, तेही या मालिकेत येतं. नागिसाच्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईचा छंद उघडा पडतो आणि तिची कुचेष्टा सुरू होते. नागिसा तेच गुपित पोटात ठेवून तिथेच बसलेली असते. जपानमध्ये बहुतेक कॉस्प्लेयर टोपणनावानं वावरतात, मैत्रिणींनाही एकमेकींची खरी नावं वर्षानुवर्षं माहीत नसतात. मला हा भाग वाचताना फार अस्वस्थ वाटलं, कारण अशा मैत्रीत भांडण झालं की दुसरं काहीच हाती उरत नाही. शाळा एक नाही, गल्ली एक नाही, घरच्यांची ओळख नाही. पात्र गेलं की मैत्रीण गेली.

या मालिकेच्या आधी याच नावाची एक स्वतंत्र छोटी कथा आली होती, 34 वर्षांच्या, गॉथिक लोलिता पद्धतीचे काळे झालरदार कपडे घालणाऱ्या बाईची. वय झालं, आता थांबायचं का, हा तिचा प्रश्न. ती इंटरनेटवर खूप फिरली आणि वाचकांत भांडणंही झाली, कारण प्रत्येकीला ती आपल्यावर लिहिल्यासारखी वाटली. ती मिळाली तर जरूर वाचा, पण मन थाऱ्यावर असेल त्या दिवशी.

आता दुसरी मालिका, जी तुम्ही नक्की ऐकली असेल: शिनइची फुकुदा यांची ‘माय ड्रेस-अप डार्लिंग’. ‘यंग गानगान’ या मासिकात 2018 ते 2025, एकूण 15 खंड, आणि 2022 मध्ये क्लोव्हरवर्क्स या स्टुडिओनं केलेली अॅनिमे. लोक तिला प्रेमकथा म्हणून वाचतात. मी ती शिंप्याची कथा म्हणून वाचते. वाकाना गोजो हा सायतामातल्या इवात्सुकीचा मुलगा, बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव, आणि तो आजोबांकडे हिना बाहुल्यांचे, म्हणजे मुलींच्या सणाला मांडायच्या पारंपरिक बाहुल्यांचे, चेहरे रंगवायला शिकतो आहे. मारिन कितागावा ही वर्गातली बोलकी मुलगी, तिला कॉस्प्ले करायचा आहे आणि शिवता येत नाही.

पहिल्या खंडातला एक प्रसंग प्रत्येक ग्रुपनं एकत्र बसून वाचावा असा आहे. मारिन एका कार्यक्रमाचा उल्लेख करते. गोजो समजतो की पोशाख त्या तारखेला तयार हवा. मध्ये परीक्षा, आजोबांचं दुखणं, तरी तो रात्री जागून तो पूर्ण करतो. मारिनला तसं म्हणायचंच नव्हतं. तिला कळतं तेव्हा ती रडते. यात कोणाचीच चूक नाही, फक्त एक वाक्य बोललं गेलेलं नाही. माझ्याकडे तुटून आलेल्या ग्रुपांपैकी कितीतरी या न बोललेल्या वाक्यापाशी अडलेले होते. जी शिवते तिच्या रात्री कोणी मोजत नाही, आणि जी घालते तिला वाटतं की हिला आवडतंच की हे. शिवणारी मैत्रीण ही फुकटची शिंपीण नाही, हे मी जिथे जाते तिथे सांगते.

या मालिकेत खरी ठिणगी पडते ती इनुइ साजुना, म्हणजे जुजू आल्यावर. लहान चणीची, नावाजलेली, एकटीनं कॉस्प्ले करणारी, कोणाशी जोडी न करणारी. मारिन तिची भक्त आहे आणि सोबत करायचा आग्रह धरते. जुजूचा विरोध आढ्यतेतून येत नाही. हा तिचा खासगी आनंद आहे आणि त्यात माणसं आली की तो बदलतो, हे तिला ठाऊक आहे. आणि तिची धाकटी बहीण शिन्जू! ती फोटो काढते, उंच आहे, आणि तिलाही मनातून एक पुरुष पात्र करायचं आहे, पण ‘मला शोभणार नाही’ म्हणून तिनं ते गिळून टाकलं आहे. ताईच्या सुंदर फोटोंमागे उभी राहिलेली ही मुलगी मला संपूर्ण मालिकेत सर्वांत जवळची वाटते. प्रत्येक ग्रुपमध्ये अशी एक असते. कॅमेरा धरणारी, बॅगा सांभाळणारी, पिना टोचून देणारी. तिला कधी कोणी विचारलेलं नसतं.

पुढे आकिरा म्हणून एक मुलगी येते. ती मारिनशी इतकी ताठर वागते की सगळ्यांना वाटतं, हिला मारिनचा राग आहे. प्रत्यक्षात ती मारिनवर इतकी लुब्ध असते की तिच्यासमोर तोंडच उघडत नाही. वाचताना हसू येतं, पण ग्रुपवरचं मौन कशाचं आहे हे बाहेरून कधीच कळत नाही, हे लक्षात ठेवा. तुमच्या ग्रुपमधली ती मुलगी सध्या गप्प आहे, तिचंही काय चाललंय हे तुम्हाला माहीत नाही.

तिसरं नाव यू हाशिमोतो यांच्या ‘2.5 डायमेन्शनल सिडक्शन’चं. 2019 पासून ‘शोनेन जंप प्लस’ या ऑनलाइन मंगा व्यासपीठावर. सुरुवातीची पानं अंगप्रदर्शनाकडे इतकी झुकलेली आहेत की अनेकजणी तिथेच पुस्तक मिटतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण जसजशी पुढे जाते तशी ती हट्टानं एकच गोष्ट विचारते: पात्रावरचं प्रेम महत्त्वाचं की गर्दी? अमानो लिलिसाला पात्राचं वेड आहे, तर ताचिबाना मिकारी एका मुलाच्या मनात भरावं म्हणून यात उतरते. दोघींचे हेतू वेगळे, तरी दोघींचा घाम सारखाच. मी ती तिसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

या तिन्हींत जे कमी दिसतं ते म्हणजे फोटोवरून होणारे वाद. ते आपल्याकडे सर्वांत जास्त होतात. चौघींचा एकत्र फोटो, आणि एकीनं फक्त स्वतःचा चेहरा गुळगुळीत करून तो टाकला. दुसरीचे डोळे मिटलेले, तिसरीचा विग सरकलेला. जपानी ग्रुपांत फोटो टाकण्याआधी सगळ्यांना दाखवायची रीत आहे, ती डोळे झाकून उचला. तसंच स्टुडिओचं भाडं. जागा चौघींच्या हिशेबानं घेतलेली असते आणि एक ऐनवेळी अंग काढून घेते. तिघींवर नुसता पैशांचा बोजा पडत नाही, तिच्या पात्रावाचून चित्रच अपुरं राहतं. आधी ठरवा, लिहून ठेवा, कोणाला वाईट वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मंगापेक्षा प्रत्यक्षात जास्त सुंदर आहे. जपानच्या नागोयात 2003 पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट भरतं, टीव्ही आइची या वाहिनीच्या पुढाकारानं सुरू झालेलं. तिथल्या अजिंक्यपद स्पर्धेत देश दोघांच्या जोडीनं उतरतो, पोशाख स्वतः केलेले असावे लागतात, आणि भारताच्या जोड्याही तिथे जाऊन आल्या आहेत. अडीच मिनिटांच्या सादरीकरणासाठी दोन माणसं महिनोन्महिने एका खोलीत फोम कापत बसतात. मी अशा तयारीला हातभार लावलाय. त्यांच्यात भांडणं होतातच, रोज होतात. फोम वाकवायची हीट गन कोणी चालू ठेवली, ढालीचा कोन चुकला कोणामुळे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी कामं वाटून घेतलेली असतात, त्यामुळे वाद कामावर राहतो, माणसावर येत नाही.

आता तुमचं. राग येणं चूक नाही. ‘कर की’ म्हणून वरून हसणं महागात पडलं आहे. तिला भेटा, ग्रुपवर लिहू नका. सांगा की तू हे पात्र कर, मी परवानगी देणारी कोणी नाही, पण मला थोडं लागलंय आणि ते मला तुझ्यापासून लपवायचं नाही. एवढं बोललात तरी निम्मं ओझं उतरेल. त्यानंतर एक सुचवते: दोघींनी मिळून तेच पात्र करा. जपानमध्ये एकाच पात्राच्या अनेकजणी ठरवून एकत्र येतात, एकीनं गणवेशातली, एकीनं लढाईतली, एकीनं हिवाळी कोटातली करायची. तुमच्याकडे बनलेला झगा आहे, तो तिला घालू द्यायची काही गरज नाही. तुम्ही आजवर हात न लावलेलं रूप घ्या. अवघड असेल ते घ्या, तुमच्या हाताला ते जमेल.

तिला काय शिकवायचं आणि किती, हेही तुम्हीच ठरवा. सगळं देऊन टाकलं पाहिजे असं नाही. वर्षानुवर्षं चुकत शोधलेली विगची पद्धत स्वतःकडे ठेवलीत तरी तुम्ही कंजूष ठरत नाही. पण ज्याच्यावाचून तिचा पोशाखच बिघडेल ते मात्र सांगा. ती पहिल्यांदा घेराचा झगा शिवते आहे, म्हणजे ती खालची घडी नक्कीच अनवाणी उभी राहून मापणार. तिला सांगा, आधी कॅनकॅन घालायचा, कार्यक्रमाचेच बूट घालायचे, आणि मग दुसऱ्या कोणाला तरी जमिनीपासून माप घ्यायला लावायचं.